चिंगीची पाठ: कोथरूडमधल्या एका डॅशहंडचं प्रकरण

प्रकरण असं. डॅशहंड, म्हणजे लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या जातीची कुत्री, नाव चिंगी, वय सहा वर्षं, वजन ९.४ किलो. घर कोथरूडला, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि आठवीतली नात. मुलगा-सून दोघंही हिंजवडीला नोकरीला. सकाळी आठला बाहेर पडले की रात्री आठच्या आत घरी येणं होत नाही. म्हणजे दिवसभराची सेवा आजी-आजोबांकडे. हे आधी सांगायचं कारण, पाठीच्या दुखण्यात औषधाइतकाच घराचा नकाशा आणि माणसांच्या वेळा यांचा हिशेब लागतो. (नाव आणि घर प्रातिनिधिक आहे. अशा घरांमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका प्रकरणात मांडल्या आहेत.)

सुरुवात नेहमीसारखी झाली. चिंगीने दिवाणावरून उडी मारली आणि किंचाळली. संध्याकाळभर पाठीची कमान करून, पोट ताठ धरून, थरथरत कोपऱ्यात उभी. उचलायला गेलं की ओरडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत होती, पण मागचे पाय झोकांड्या खात होते आणि डावा पंजा अधूनमधून उलटा पडत होता. घरच्यांना वाटलं पाय मुरगळला. पाय मुरगळलेलं कुत्रं तो पाय उचलून धरतं. पंजा उलटा पडतोय आणि त्याला ते कळतच नाही, असं होत असेल तर दुखणं बहुधा पायात नसून पाठीत किंवा मानेत आहे.

बोलताना आपण ‘गादी सरकली’ म्हणतो. डॅशहंडमध्ये गादी सरकत नाही, फुटते. दोन मणक्यांमधल्या चकतीचा आतला गर एरवी जेलीसारखा असतो. या जातीत तो पहिल्या एक-दोन वर्षांतच सुकून खडूसारखा व्हायला लागतो. ही प्रवृत्ती जन्मजात असते. आखूड पायांशी आणि या आजाराशी जोडलेला जनुकीय बदल बाराव्या गुणसूत्रावर असल्याचं २०१७ साली दाखवलं गेलं. मग एक दिवस चकतीचं बाहेरचं कडं फाटतं आणि तो कडक गर थेट वर, मज्जारज्जूवर आदळतो. एक धक्का आणि वर कायमचा दाब, अशी ही दुहेरी इजा असते. सगळ्यात जास्त वेळा हे छातीचे मणके संपून कंबरेचे सुरू होतात त्या टप्प्यात घडतं. म्हणून पुढचे पाय ठणठणीत आणि मागचे लुळे, हे चित्र दिसतं. उडी हे फक्त निमित्त. अशी चकती झोपेतून उठतानाही फुटते, त्यामुळे ‘मीच तिला दिवाणावर घेतलं’ म्हणून नातीने रडत बसण्याचं कारण नव्हतं.

डॉक्टर या आजाराच्या पाच पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त दुखणं. दुसरीत चालता येतं पण तोल जातो. तिसरीत पाय हलतात पण उभं राहता येत नाही. चौथीत मागचे पाय पूर्ण लुळे, पण खोलवरची वेदना कळते. पाचवीत तीही कळत नाही. चिंगी त्या सकाळी दुसऱ्या पायरीवर होती.

दवाखान्यात नेण्याआधी घरात एक चूक होऊन गेली होती. आजोबांनी स्वतःच्या गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकची ५० मिलिग्रॅमची अर्धी गोळी पोळीच्या तुकड्यात घालून दिली होती. माणसांच्या या गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला सोसत नाहीत. तिसऱ्या दिवशी चिंगीला काळी, डांबरासारखी चिकट शी झाली, म्हणजे आत रक्तस्राव. त्यामुळे डॉक्टरांना सूज उतरवणारं औषध लगेच सुरू करताच आलं नाही. आधी जठर सांभाळावं लागलं. एकच औषध कुत्र्यालाही चालतं आणि माणसालाही, तेव्हाही मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मेलॉक्सिकॅम हे सूज उतरवणारं औषध कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि नंतर रोज ०.१ मिलिग्रॅम देतात. चिंगीसाठी रोजचं हे जेमतेम ०.९४ मिलिग्रॅम होतं. मेडिकलमध्ये मिळणारी माणसांची लहानातली गोळी ७.५ मिलिग्रॅमची, म्हणजे तिच्या आठ दिवसांचा डोस. आणि सूज उतरवणारी ही औषधं स्टेरॉइडबरोबर कधीही द्यायची नाहीत. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये पाच-सात दिवसांची मोकळीक ठेवतात. दवाखाना बदलत असाल तर आधी कोणतं इंजेक्शन झालं, त्याची चिठ्ठी बरोबर न्या.

पुण्यात आणखी एक तपासणी वगळू नये. गोचिडी इथे जवळजवळ बारा महिने असतात आणि गोचीडतापात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरतात. अशा कुत्र्याला सूज उतरवणारी गोळी दिली किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतलं, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे आधी रक्ताची साधी तपासणी, प्लेटलेट, मूत्रपिंड आणि यकृत बघून घ्यायचं. चिंगीचे आकडे ठीक होते.

शी पूर्ववत झाल्यावर मेलॉक्सिकॅम सुरू झालं. मज्जातंतूच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन तर पहिल्या दिवसापासून चालू होतं. गॅबापेंटिनबद्दल दोन गोष्टी. पहिले दोन-तीन दिवस कुत्रं पेंगतं आणि थोडं जास्त झोकांडतं, त्याला आजार बळावला असं समजून घाबरू नये. आणि पातळ औषध घेताना बाटलीवरचे घटक वाचावेत. काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. कॅप्सूल बरी. ती एकदम बंद मात्र करायची नाही, डॉक्टर उतरवतील तशी उतरवायची.

आता खरा उपचार, जो या घरात फसला. क्रेटमधला, म्हणजे छोट्या पिंजऱ्यातला आराम. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनच्या तज्ज्ञांनी २०२२ साली एकत्रितपणे दिलेल्या शिफारशीत, शस्त्रक्रियेविना उपचार करताना किमान चार आठवडे हालचालीवर बंधन सांगितलं आहे, आणि स्टेरॉइड नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये असंही. चकतीचं फाटलेलं कडं भरून यायला तेवढा वेळ लागतो. दुखणं मात्र गोळ्यांमुळे आठवड्यातच कमी होतं. या दोन वेळापत्रकांमधल्या फरकात सगळा घात आहे.

नवव्या दिवशी चिंगी शेपूट हलवत क्रेटचं दार खाजवायला लागली. ‘‘अगं, बरी झालीये ती. सोड की जरा, किती कोंडून ठेवणार?’’ असं आजी सुनेला म्हणाल्या. त्या म्हणण्यात माया होती आणि डोळ्यांना दिसत होतं तेच त्या बोलत होत्या. दार उघडलं. दोन दिवस ती घरभर हिंडली, दारावरची बेल वाजली तशी गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवरून धावली, वळताना मागचे पाय घसरले. अकराव्या दिवशी रात्री कंबरेखालून लुळी पडली.

आराम म्हणजे काय, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एका शब्दात असतं. घराला ते सविस्तर लागतं. डॅशहंडला साधारण ३० बाय २० इंचांचा क्रेट पुरतो: उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, धावता येणार नाही. बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी, दर वेळी पाच मिनिटं, हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) घालून, आखूड पट्ट्यावर. सोफ्यावर कुशीत घेणंही नाही, कारण तिथून उडी पडते. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून लोंबकळत उचललं की सगळा भार त्या फुटलेल्या जागेवर. तीन मजले उतरून खाली नेणं तर बादच. गॅलरीत तीन बाय दोन फुटांचा उथळ ट्रे ठेवून त्यात माती आणि रोपवाटिकेतून आणलेला लॉनचा तुकडा टाकला की बाहेरच शू करायची सवय असलेली कुत्रीही दोन-तीन दिवसांत तिथे बसते. पहिल्या दिवशी तिच्याच शूचा ओला बोळा त्यावर ठेवायचा. दवाखान्यात नेताना रिक्षात मांडीवर धरू नका. प्लॅस्टिकच्या टबात घट्ट फोम बसवून त्यात निजवा आणि स्पीडब्रेकरला हळू घ्यायला रिक्षावाल्या काकांना आधीच सांगून ठेवा.

लुळी पडल्याच्या रात्री एकच प्रश्न महत्त्वाचा होता: खोलवरची वेदना कळते का? इथे घरोघरी फसगत होते. बोट चिमटलं की पाय मागे ओढला जातो, आणि घरचे म्हणतात, ‘कळतंय तिला!’ पाय ओढणं ही मज्जारज्जूची खालच्या खाली होणारी प्रतिक्रिया असू शकते, त्यात मेंदूचा काही संबंध नसतो. कुत्रं मान वळवून बघतं का, ओरडतं का, चावायला येतं का, हे बघायचं. ही तपासणी डॉक्टरांनीच चिमट्याने करायची असते, पण तिचा अर्थ घरच्यांना माहीत असावा, कारण पुढचा निर्णय त्यावर आणि तासांवर असतो. चिंगीने मान वळवून गुरगुर केली. चौथी पायरी.

एक्स-रेत मणके दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. नेमकी जागा कळायला भूल देऊन एमआरआय किंवा सीटी लागतो आणि तो शस्त्रक्रिया करायची असेल तरच कामाचा. चौथ्या पायरीवर शस्त्रक्रियेने दहापैकी नऊ कुत्री पुन्हा चालतात, नुसत्या औषध-आरामाने साधारण सहा. पाचव्या पायरीवर शस्त्रक्रियेनेही जेमतेम सहा, औषधाने दोन. आकडे स्पष्ट आहेत, आणि परवडत असेल तर चौथ्या पायरीवर शस्त्रक्रिया करावी असंच आमचं मत. या घराला तो खर्च झेपला नाही. त्यांनी पूर्ण माहिती घेऊन आराम-औषधाचा रस्ता धरला, आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावू नये. एक गोष्ट त्यांना बजावून सांगितली गेली. पहिल्या आठवड्यात पुढचे पाय ढिले पडले, श्वास जड झाला, किंवा पाठीवरची बधिर रेषा रोज वर सरकत गेली, तर मज्जारज्जूच विरघळत चालला आहे. पाचव्या पायरीवरच्या कुत्र्यांत हे साधारण दहात एकाला होतं, तिथून परत फिरता येत नाही, आणि तेव्हा त्या जिवाला शांतपणे जाऊ देणं हीच सेवा. चिंगीत तसं काही झालं नाही.

यानंतर प्रकरण पायांवरून मूत्राशयावर आलं. लुळ्या कुत्र्याचे पाय नंतर बघता येतात. लघवी थांबत नाही.

पहिले दोन दिवस घरच्यांना वाटत होतं की चिंगी शू करतेय, कारण गोधडी ओली व्हायची. प्रत्यक्षात मूत्राशय काठोकाठ भरून वरचं सांडत होतं. पाठीच्या या भागातल्या इजेत मूत्राशयाचं तोंड घट्ट आवळलेलं राहतं. आत तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि ताणून ताणून मूत्राशयाचा स्नायू कायमचा सैल पडतो; मग मज्जारज्जू सुधारला तरी लघवी येत नाही. ओळखायची सोपी खूण: पॅडचं वजन. कोरडं पॅड किचनच्या काट्यावर तोला, ओलं तोला, फरकाचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. कुत्र्याची लघवी तासाला किलोमागे एक ते दोन मिलिलिटर असते, म्हणजे चिंगीची दिवसाला सव्वादोनशे ते साडेचारशे. तिच्या पॅडवर दिवसभरात साठ भरली.

मग आजोबा हाताने मूत्राशय रिकामं करायला शिकले. दिवसातून चार वेळा: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री अकरा. कुत्री उभी धरायची किंवा उजव्या कुशीवर निजवायची. दोन्ही तळहात सपाट, मांड्यांच्या पुढे, पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी. आत लिंबापासून मोसंब्यापर्यंतच्या आकाराचा, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा गोळा लागतो. त्यावर बोटांनी टोचायचं नाही. तळहातांनी हळूहळू दाब वाढवत नेऊन दहा-पंधरा सेकंद तसाच धरायचा, दिशा शेपटीकडे. धार सुटली की दाब तेवढाच ठेवायचा, तुटली की हात सैल सोडून पुन्हा. शेवटी गोळा लागेनासा होतो. दाब देऊनही थेंब येत नसेल तर जोर वाढवायचा नाही, मूत्राशय फाटू शकतं. मूत्राशयाचं तोंड सैल करणाऱ्या गोळ्या डॉक्टर देतात, त्या सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत हात हलका चालतो. बारा तासांत काहीच लघवी नाही, तर तो दवाखान्यात नळी घालायचा दिवस. हे तंत्र लेख वाचून येत नाही. डॉक्टरांच्या हातावर आपला हात ठेवून दोनदा शिकावं लागतं. आजोबांना चौथ्या दिवशी जमलं आणि नंतर घरात त्यांच्याइतकं कुणालाच जमलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात लघवीला उग्र वास आणि गढूळपणा आला. अशा कुत्र्याला खाली संवेदना कमी असल्यामुळे जळजळ झालेली कळत नाही, म्हणून वास, रंग आणि पॅडवरचा गुलाबी डाग हेच सांगतात. इथे अंदाजाने अँटिबायोटिक देऊ नये. सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेऊन कल्चर करावं, म्हणजे कोणते जंतू आहेत आणि कोणती गोळी लागू पडेल ते तपासून घ्यावं. दर वेळी अंदाजाने गोळी बदलत गेलं की सहा महिन्यांनी एकही गोळी लागू पडत नाही.

कातडीचं थोडक्यात. मागच्या मांड्यांचे केस बारीक कापायचे, लघवी लागली की कोमट पाण्याने धुऊन नीट कोरडं करायचं, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. बाळांच्या रॅशची झिंक असलेली मलमं लावू नयेत, कुत्री चाटते आणि झिंक पोटात जातं. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची. खाली तीन-चार इंचांचा दाट फोम, त्यावर रेक्झिनचं कव्हर, त्यावर जुन्या साडीची गोधडी, एकही सुरकुती न ठेवता, आणि सगळ्यात वर पॅड. हा सगळा माल रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास एका फेरीत मिळून जातो. खुब्याच्या हाडावर, घोट्यावर आणि कोपरावर रोज बोट फिरवून लालसरपणा बघायचा. जखम व्हायला जेवढे दिवस लागतात, त्याच्या कितीतरी पट दिवस ती भरायला खाते.

व्यायाम डॉक्टरांच्या परवानगीने दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. कुशीवर निजवून प्रत्येक मागचा पाय सायकल चालवल्यासारखा सावकाश, दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. मग बोटांच्या मध्ये हलकी गुदगुली, पाय ओढू द्यायचा. पाठ रगडायची नाही. तेल-मालिशीचा मोह घरोघरी असतो, तो या दिवसांत आवरावा. चौथ्या आठवड्यात पोटाखाली पंचा घालून उभं धरणं: दहा सेकंद, मग वीस. पंचाचा दाब पोटाच्या मागच्या भागावर यावा, बरगड्यांवर नको.

एकोणिसाव्या दिवशी नातीची हाक ऐकून शेपूट हलली. शेपूट हात लावल्यावर हलली तर त्यात फार काही नाही, हाकेला हलली तर मेंदूचा निरोप खाली पोचला. पाचव्या आठवड्यात ती स्वतः शू करायला लागली, तरी आजोबा नंतर हात लावून किती उरली ते बघतच राहिले. सहाव्या आठवड्यात चार पावलं. तिसऱ्या महिन्यात गॅलरीपर्यंत.

पूर्ण बरी झाली नाही. डावा पंजा आजही अधूनमधून उलटा पडतो, मागचा भाग डोलतो. आता हा जन्मभराचा संसार आहे, आणि तो मुख्यतः फरशीचा आणि वजनाचा आहे. चिंगीच्या नेहमीच्या वाटेवर, म्हणजे क्रेट ते पाण्याचं भांडं ते गॅलरी, रबरी मॅटचा दोन फुटी पट्टा सलग टाकला; तुटक सतरंज्या नाहीत, कारण त्या सरकतात आणि दोन सतरंज्यांमधल्या फरशीवरच पाय जातो. पंजांमधले केस महिन्यातून दोनदा, नखं तीन आठवड्यांनी. दिवाणासमोर बाळाच्या खाटेचा कठडा आडवा. जिना कायमचा बंद. उलट्या पडणाऱ्या पंजाला बाहेर जाताना मोजा, पण अर्ध्या तासाच्या वर नाही. पावसाळ्यात आत ओल राहून बोटांमध्ये बुरशी धरते. गळ्यातला पट्टा काढून हार्नेस.

वजनाचं गणित असं निघालं. तिचं योग्य वजन ७.५ किलो, त्याला विश्रांतीची गरज दिवसाला साधारण ३२० कॅलरी. आजींच्या हातून रोज जाणाऱ्या तूप लावलेल्या दोन पोळ्या आणि चहाबरोबरची चार ग्लुकोज बिस्किटं यांतच साडेतीनशेच्या आसपास जात होत्या, जेवण वेगळं. पोळी बंद केली असती तर आजी-चिंगी दोघींना त्रास झाला असता. म्हणून त्याच वेळांना त्याच हातून उकडलेल्या दुधीचे आणि काकडीचे तुकडे. आठवड्याला सरासरी साठेक ग्रॅम उतरत सहा महिन्यांत ती ७.८ वर आली. झोकांड्या कमी होण्यात या दीड किलोचा वाटा कुठल्याही गोळीपेक्षा मोठा आहे.

वर्षभरात दोनदा दुखणं पुन्हा उठलं. एकदा गणपतीत, ढोल-ताशाला घाबरून पलंगाखाली घुसताना. तेव्हापासून मिरवणुकीच्या आणि दिवाळीच्या दिवशी क्रेट आतल्या खोलीत, वर जाड चादर, आणि भीती कमी करणारी गोळी डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारून, एकदा साध्या दिवशी देऊन बघून ठेवलेली. दुसऱ्यांदा डिसेंबरात, काही निमित्त नसताना. पाठ कमानीसारखी, थरथर, वाटीकडे मान खाली नेईना. त्याच तासाला क्रेटची कडी लागली, ती आजींनीच लावली. डॉक्टरांना फोन, ठरलेली औषधं, वाटी कोपराच्या उंचीवर, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर अठ्ठावीस चौकोनांत सुनेने केलेल्या खुणा. सातव्या दिवशी चिंगी दार खाजवायला लागली. दार एकोणतिसाव्या दिवशी उघडलं, तेही पहिला आठवडा फक्त पट्ट्यावर, दहा-दहा मिनिटं.